नवे इअरफोन आणि सरावलेला कान

नवी वस्तू घरात आली म्हणजे ती लगेच घरची होते असे नाही. कोल्हापुरी वहाण पहिले काही दिवस पायाला चावते. तेल पाजून आणि थोडीथोडी वापरून ती मऊ करावी लागते. नव्या माठातल्या पाण्याला प्रथम मातीचा वास येतो. बिडाचा नवा तवा तेल पिऊन काळाभोर झाल्याखेरीज त्यावरचे घावन सुटत नाही. तंबोऱ्याला नव्या तारा चढवल्या तर पहिल्या दिवशी त्या सुरात राहत नाहीत. गवई खुंटी पिळतो, आणि षड्ज स्थिर झाला असे वाटेपर्यंत तो पुन्हा उतरलेला असतो. अशा अनुभवांतून माणसाच्या मनात एक समजूत रुजलेली आहे. वस्तूचा खरा गुण पहिल्या दिवशी दिसत नाही, तिला रुळू द्यावे लागते, ही ती समजूत. पुष्कळ ठिकाणी ती रास्तही आहे.

हीच समजूत आता एका अगदी आधुनिक वस्तूला येऊन चिकटली आहे. नवे इअरफोन किंवा हेडफोन घेणाऱ्याला कोणी ना कोणी जाणकार सांगतोच की, आत्ताच मत बनवू नका. आधी ते पन्नास तास, शंभर तास, दोनशे तास वाजू द्या. मग आवाज मोकळा होईल, खर्ज भरेल, तार सप्तकातला कर्कशपणा जाईल. कित्येक हौशी माणसे हा सल्ला इतका मनावर घेतात की, नवे इअरफोन टेबलावर ठेवून त्यांतून रात्रभर गाणी किंवा नुसती खरखर वाजत ठेवतात. ऐकायला कोणी नसते. यंत्र एकटेच रियाज करीत असते.

या सल्ल्यात तथ्य किती, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल, पण त्यात ग्राहकाचा पैसा गुंतलेला आहे. दोनशे तास म्हणजे रोज चार तास ऐकणाऱ्याचे पन्नास दिवस. पसंत न पडलेला माल परत करण्याची मुदत बहुधा त्याच्या किती तरी आधी संपते. सदोष किंवा न मानवणारे इअरफोन घेतलेला माणूस ‘अजून ते रुळायचे आहेत’ असे म्हणत थांबला, तर तो आपला हक्क गमावून बसतो. शिवाय यात कानाच्या आरोग्याचाही संबंध येतो. आणि या दोन्हींपेक्षा खोल असा एक प्रश्न यातून निघतो तो हा की, आपल्याला जो बदल जाणवला तो वस्तूत झाला की आपल्यात, हे माणसाने ओळखावे कसे?

कानाला यंत्र लावून ऐकणे ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनचे पेटंट घेतले, तेव्हापासून कानाशी धरण्याचा ध्वनिग्राहक माणसाच्या परिचयाचा आहे. १९१० साली अमेरिकेतील युटा येथील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेले हेडफोन तिथल्या नौदलाकडे पाठवले आणि नौदलाने ते पसंत केले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळी स्फटिकाच्या साध्या संचावर ऐकणाऱ्याला हेडफोनखेरीज गत्यंतरच नव्हते. कारण त्या संचाला विजेची बॅटरी नसे आणि लहरींतून मिळणारी चिमूटभर शक्ती मोठा कर्णा हलवायला पुरत नसे. पुढे १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले, १९७९ मध्ये जपानच्या सोनी कंपनीचा वॉकमन आला, आणि संगीत माणसाबरोबर रस्त्याने चालू लागले. आज आगगाडीच्या डब्यात पाहावे तर दर दुसऱ्या कानात काही तरी खोचलेले दिसते.

या यंत्राची रचना मुळात साधी आहे. प्लॅस्टिकच्या अत्यंत पातळ पापुद्र्याचा एक गोल पडदा, त्याच्या पाठीला चिकटवलेले बारीक तारेचे वेटोळे, आणि त्या वेटोळ्याभोवती लोहचुंबक, एवढाच त्याचा संसार. वेटोळ्यातून गाण्याच्या लहरीप्रमाणे वीज वाहू लागली की चुंबक त्याला पुढेमागे ढकलतो, त्याबरोबर पडदा हलतो, पडद्याबरोबर हवा हलते, आणि हवेचा तो दाब कानाच्या पडद्यावर जाऊन आदळतो. पडदा कडेला जिथे धरलेला असतो तिथे त्याला बारीक वळ्या असतात. त्या वळ्यांची लवचिकता हीच या यंत्रातली एकमेव जागा, जिथे ‘रुळणे’ या शब्दाला काही अर्थ असू शकतो.

रुळवण्याची भाषा मोटारीच्या इंजिनाच्या बाबतीतही वापरली जाते. पूर्वी नवी मोटार घेतली म्हणजे पहिले काही शे मैल ती सावकाश हाकावी, असा दंडक असे. त्याचे कारण उघड होते. दट्ट्याची कडी आणि सिलिंडरची भिंत एकमेकींवर घासतात. नव्या पृष्ठभागांवर सूक्ष्म उंचवटे असतात. ते हळूहळू झिजून दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना जुळते होतात. इअरफोनची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याचे वेटोळे चुंबकाच्या खाचेत अधांतरी हलते. ते कशालाच घासत नाही. घासू लागले तर खरखर ऐकू येते, आणि ती नवेपणाची खूण नसून बिघाडाची असते. जिथे घर्षणच नाही, तिथे घासून जुळते होण्याचा प्रश्न कोठून यावा?

तथापि घर्षणावाचूनही वस्तू बदलतात. तंबोऱ्याची नवी तार ताणाखाली थोडी लांबते आणि खुंटीवरचे व गाठीतले तिचे वेढे आवळले जातात. त्यामुळे ताण घटतो व सूर उतरतो. तबल्याची नवी पुडी ओढाखाली सैल पडते आणि पुन्हा वादी आवळावी लागते. मोठ्या ध्वनिवर्धकातही असेच काहीसे घडते. त्याच्या कागदी शंकूला मागच्या बाजूने धरून ठेवणारी सुरकुत्यांची एक कापडी चकती असते आणि ती राळेत भिजवून कडक केलेली असते. शंकू पहिल्यांदा जोरात हलला म्हणजे त्या राळेचा ताठरपणा काहीसा मोडतो, चकती मऊ होते, आणि ज्या कंपनसंख्येला शंकू स्वभावतः डोलतो ती कंपनसंख्या थोडी खाली येते. हा बदल उपकरणांनी मोजता येतो आणि कारखान्यातले तंत्रज्ञ तो ओळखून असतात. पण तो बहुतांशी पहिल्या जोरदार हेलकाव्यांतच, म्हणजे थोडक्या वेळात उरकतो. त्याला महिने लागत नाहीत. रुळण्याच्या समजुतीत सत्याचा जो कण आहे तो हाच.

आता प्रश्न असा की, मोठ्या ध्वनिवर्धकाला लागू पडणारी गोष्ट कानातल्या चिमुकल्या पडद्याला कितपत लागू पडावी? इथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. मोठा ध्वनिवर्धक खोलीभर हवा हलवतो. खर्जाचे स्वर काढताना त्याचा शंकू काही मिलिमीटर पुढेमागे होतो, आणि ही हालचाल डोळ्यांनाही दिसते. कानात घट्ट बसलेल्या इअरफोनला मात्र कानाच्या नळीतली थोडीशी हवा तेवढी दाबायची असते. अशी यंत्रे मोजण्यासाठी प्रयोगशाळांतून २ घन सेंटिमीटरची पोकळी वापरण्याची पद्धत आहे. तीच इथे धरू. या पोकळीत ९४ डेसिबेलचा, म्हणजे चांगलाच मोठा, खर्जातला आवाज निर्माण करायचा असेल, तर १० मिलिमीटर व्यासाच्या पडद्याला किती हलावे लागेल? हवेच्या दाबाचे साधे गणित मांडले तर उत्तर येते सुमारे ०.२ मायक्रोमीटर. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे कान किटेल इतक्या आवाजालाही तो पडदा केसाच्या जाडीच्या साडेतीनशेव्या भागाइतकाच सरकतो. इतक्याशा सरकण्याने प्लॅस्टिकच्या वळ्यांचा पीळ मोडेल आणि तोही दोनशे तासांनी, ही अपेक्षा फार मोठी आहे.

तरीही वादासाठी असे धरून चालू की, पडद्याच्या कडेचा ताठरपणा वापराने वीस टक्क्यांनी कमी झाला. त्याचा आवाजावर काय परिणाम होईल? पडद्याची स्वाभाविक कंपनसंख्या ताठरपणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. तेव्हा ती वीस नव्हे, तर साधारण साडेदहा टक्क्यांनी उतरेल. त्या कंपनसंख्येच्या वरचे स्वर पडद्याच्या ताठरपणावर नव्हे, तर त्याच्या वजनावर अवलंबून असतात. आणि वजन वापराने बदलत नाही. म्हणजे ज्या तार स्वरांतला कर्कशपणा रुळण्याने जातो असे सांगतात, त्यांच्यावर या बदलाचा जवळजवळ काहीच परिणाम होऊ नये. खालचे स्वर तेवढे फार तर दोन डेसिबेलनी वाढतील. पण तेही पुरते खरे नाही. कानातल्या यंत्रात पडद्याच्या पुढे आणि मागे कोंडलेली हवा हीच एक स्प्रिंग असते. एकूण ताठरपणाचे तीन हिस्से हवेचे आणि एक हिस्सा पडद्याचा असेल, तर पडद्यातली वीस टक्क्यांची घट एकुणात पाच टक्क्यांवर येते आणि आवाजातला फरक अर्ध्या डेसिबेलहूनही कमी भरतो. हवा ही कधी जुनी होत नाही, रुळत नाही, आणि थकतही नाही.

इअरफोनांत आणखी एक जात असते. तिच्यात वेटोळ्याचा पडदा नसून चुंबकांच्या मधोमध तोललेली पोलादाची एक बारीक पट्टी असते. श्रवणदोषासाठी कानात घालायच्या यंत्रांत हीच योजना पुष्कळ वर्षे चालत आली आहे. या रचनेत सैल पडण्याजोगा मऊ भाग जवळपास नसतोच. किंबहुना ती वर्षानुवर्षे बदलू नये अशाच हेतूने केलेली असते. गंमत अशी की, या जातीलाही तासन्‌तास रुळवण्याचा सल्ला दिला जातो. काही जण तर इअरफोनची तांब्याची तारसुद्धा रुळते असे सांगतात. गाण्याची वीज काही तास वाहून गेली म्हणून तांब्याचा गुण पालटतो, असे मानायला कोणताही आधार नाही.

कारखान्यातून विजेची उपकरणे काही तास चालवून मगच बाहेर पाठवतात, हा दाखलाही अनेकदा पुढे केला जातो. पण तिथला हेतू निराळा असतो. ज्या वस्तूंत मूळचाच दोष आहे त्या बहुधा पहिल्या काही तासांतच बंद पडतात. त्या ग्राहकाच्या घरी जाऊन बंद पडण्यापेक्षा कारखान्यातच पडाव्यात, म्हणून ती परीक्षा असते. नापास होणारे वेगळे काढणे हे तिचे काम. पास झालेल्यांना अधिक हुशार करणे हे नव्हे.

या सगळ्या विवेचनाला आणखी एक साधी शंका जोड देते. वस्तू वापराने बदलते असे मानले, तर ती कधी बरी होईल, कधी वाईट होईल. कोणता पडदा सैल होऊन खर्ज वाजवीपेक्षा अधिक फुगेल, कोणाचा नेमस्तपणा जाईल. पण रुळलेल्या इअरफोनांच्या हकिकती ऐकाव्यात तर बदल बहुधा चांगल्याकडेच झालेला असतो. दोनशे तासांनी माझे इअरफोन पूर्वीपेक्षा बिघडले, अशी तक्रार क्वचितच कानावर येते. जड पदार्थाला माणसाची आवड ठाऊक नसते. तो नेहमी मालकाच्या पसंतीच्याच दिशेने बदलत असेल, तर बदल कोठे होत आहे याचा शोध पदार्थाच्या बाहेर घ्यावा लागतो.

पहिला शोध कानाच्या दाराशीच लागतो. डोक्यावरच्या हेडफोनला ज्या गाद्या असतात त्या अंगाच्या उबेने आणि दाबाने काही आठवड्यांत खरोखरच मऊ होतात. त्यामुळे पडदा कानाच्या किंचित जवळ येतो, गालाशी राहिलेली फट बुजते, आणि फट बुजली की खर्ज वाढतो. कारण खालचे स्वर फटीतून सर्वांत आधी निसटतात. कानात घालायच्या इअरफोनचेही तसेच. त्याच्या टोकाला सिलिकॉनचे किंवा फोमचे जे टोपण असते ते योग्य मापाचे निवडायला आणि नीट बसवायला माणूस हळूहळू शिकतो. पहिल्या दिवशी अर्धवट बसलेला इअरफोन पंधराव्या दिवशी चपखल बसतो आणि ‘खर्ज आता भरला’ असे वाटते. हा बदल खरा आहे आणि मोजताही येतो. पण तो घडायला इअरफोन डोक्यावर किंवा कानात असावे लागतात. टेबलावर रात्रभर वाजत ठेवलेल्या हेडफोनच्या गाद्या मऊ होत नाहीत. हेडफोन एकदा काढून पुन्हा ठेवला तरी जागा किंचित बदलते आणि मोजमापात फरक दिसतो. वापरापूर्वीच्या आणि नंतरच्या मोजमापांत जो फरक आढळतो तो सामान्यतः याच फरकाच्या घरातला असतो.

दुसरा शोध याहून खोल जातो. ऐकण्याचे काम कान करतो असे म्हणतात, पण ऐकलेल्याचा अर्थ मेंदू लावतो, आणि मेंदू हा विलक्षण सरावणारा आहे. रेल्वेमार्गाजवळ राहायला गेलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात झोप येत नाही. महिन्याभराने तीच गाडी रात्री केव्हा गेली हे त्याला कळतही नाही. गाडीचा आवाज कमी झालेला नसतो. १९९८ साली हॉलंडमधील नायमेखेन येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी चार माणसांच्या बाह्यकर्णात साचे बसवून कानाचा आकार बदलला. आवाज वरून येतो की खालून, हे माणूस बाह्यकर्णाच्या घड्यांमुळे स्वरांत पडणाऱ्या फरकावरून ओळखतो. साचे बसवताच ती ओळख बिघडली. परंतु साचे तसेच ठेवून ती माणसे आपले नित्याचे व्यवहार करीत राहिली आणि काही आठवड्यांत त्यांना दिशा पुन्हा नीट ओळखता येऊ लागली. साचे रुळले नव्हते. मेंदूने नव्या कानांची भाषा शिकून घेतली होती. कर्णबधिरांवर शस्त्रक्रिया करून कानात जे विद्युत्‌यंत्र बसवतात त्याचाही अनुभव असाच आहे. प्रौढपणी बहिरेपण आलेल्या अनेकांना यंत्र सुरू झाल्यावर माणसांची बोली प्रथम यांत्रिक, चमत्कारिक भासते. काही महिन्यांच्या सरावाने तीच बोली समजू लागते आणि पुष्कळदा स्वाभाविकही वाटू लागते.

नव्या इअरफोनचेही हेच. प्रत्येक यंत्राच्या स्वरांचा तोल थोडा वेगळा असतो. जुन्याची सवय झालेल्या कानाला नवा तोल प्रथम खटकतो. दहा-वीस दिवसांनी तोच तोल मापदंड होऊन बसतो, आणि मग जुने इअरफोन लावून पाहिले तर ते फिके वाटतात. बदल झाला हे ऐकणाऱ्याचे म्हणणे खोटे नसते. त्याने त्या बदलाचा पत्ता तेवढा चुकीचा लिहिलेला असतो.

यात स्मरणाचाही दोष मिसळतो. गाण्याची चाल माणसाला वर्षानुवर्षे आठवते, पण एखाद्या आवाजाचा नेमका पोत, त्यातली सूक्ष्म छटा काही सेकंदांपलीकडे जशीच्या तशी मनात राहत नाही. महिन्यापूर्वीचा आवाज आणि आजचा आवाज यांची तुलना करणारा माणूस खरे तर आजच्या आवाजाची तुलना एका आठवणीशी करतो. आणि त्या आठवणीवर मधल्या काळातील आशा, खर्च केलेला पैसा आणि जाणकारांचे बोल यांचे थर चढलेले असतात. त्यात आवाजाची पट्टी थोडी मोठी असली तरी निवाडा पालटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज लहान असताना खालचे स्वर कानाला विशेष क्षीण वाटतात आणि आवाज वाढवला की ते भराभर वर येतात. तेव्हा पंधरा दिवसांनी कळ नकळत थोडी वर सरकली असेल, तर खर्ज भरल्याचा भास त्यानेही होतो.

मग निवाडा करावा कसा? त्याचा मार्ग आंधळ्या परीक्षेचा आहे, आणि तो चहाच्या पेल्यानेही समजावून देता येतो. इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात अशी एक परीक्षा वर्णिली आहे. कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे चवीवरून ओळखते असे म्हणणाऱ्या एका बाईंपुढे आठ कप ठेवायचे, चार एका प्रकारचे व चार दुसऱ्या, आणि त्यांचा क्रम सोडतीने ठरवायचा. नुसत्या अंदाजाने आठही कप बरोबर निघण्याची शक्यता सत्तरात एक. इअरफोनच्या बाबतीतही एकाच बनावटीचे दोन नग घ्यावेत. दोहोंची आधी मोजणी करून ते एकसारखे असल्याची खात्री करावी. एक दोनशे तास वाजवावा, दुसरा पेटीत ठेवावा. नंतर आवाजाची पातळी काटेकोर सारखी करून ऐकणाऱ्याला न सांगता दहा वेळा ओळखायला लावावे. नाणे उडवून दहांपैकी नऊ किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात सुमारे एक. एवढे यश कोणी मिळवले, तर त्याच्या कानांपुढे मान तुकवावी. त्याआधीचे जे काही असते ते मत होय, प्रमाण नव्हे.

वाद्यांच्या क्षेत्रात असा एक प्रयोग झालेलाही आहे. वाजवल्याने व्हायोलिन खुलते, अशी युरोपीय संगीतात जुनी श्रद्धा आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे एकाच कारागिराने एकाच जातीच्या लाकडापासून दोन जुळी व्हायोलिने घडवली. एक संग्रहालयात जपून ठेवले, दुसरे व्यावसायिक वादकाच्या हाती नित्य वापरासाठी दिले. तीन वर्षांनी वादकांनी व श्रोत्यांनी दोहोंची तुलना केली, तेव्हा लक्षणीय असा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. दोन वाद्यांवरून सगळ्या वाद्यांचा कायमचा निकाल लागतो असे नव्हे. पण लाकडाची, तारांच्या ताणाखाली वर्षानुवर्षे थरथरणारी पेटी जिथे तीन वर्षांत पालटल्याचे सिद्ध होत नाही, तिथे केसाच्या अंशाइतक्या हालणाऱ्या पापुद्र्याविषयी ठाम बोलताना थोडा संकोच असावा.

यावर कोणी म्हणेल की, समजूत खोटी असली तरी ती निरुपद्रवी आहे. कोणी रात्रभर इअरफोन वाजवत ठेवले तर कोणाचे काय बिघडते? वीज फारशी जळत नाही हे खरे. पण ‘रुळू द्या’ हा सल्ला विक्रेत्याच्या तोंडी आला म्हणजे त्याचा अर्थ बदलतो. मालाबद्दलची तक्रार मुदत संपेपर्यंत पुढे ढकलण्याचे ते सोयीस्कर साधन होते. ज्याच्या एका कानात आवाज कमी येतो, ज्याला कर्कशपणाने डोके दुखते, त्याला धीर धरायला सांगणे म्हणजे दोषाला नवेपणाचे नाव देणे होय. इअरफोन कानाला टोचत असतील, एका बाजूने खरखरत असतील, किंवा योग्य मापाचे टोपण घालूनही खर्ज लागत नसेल, तर ते पहिल्या आठवड्यातच परत करावेत. जे दोष मुळात आहेत ते तासांनी जात नाहीत.

दुसरा धोका कानाचा. रुळवण्यासाठी आवाज मोठा ठेवावा असेही काही जण सांगतात, आणि मोठ्या आवाजाची सवय ही सर्वांत लवकर लागणारी आणि सर्वांत महाग पडणारी सवय आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली ठरवलेल्या मानकाप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला ४० तास ऐकायचे तर ८० डेसिबेलची मर्यादा पाळावी. मुलांसाठी ती ७५ आहे. दर तीन डेसिबेल वाढीला ध्वनीची शक्ती दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८० ला चाळीस तास, ८३ ला वीस, ८६ ला दहा. ९० डेसिबेलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कानातला हा भाग मोठ्या आवाजाने कायमचा बदलतो, आणि तो बदल चांगल्याकडे नसतो.

तेव्हा नवे इअरफोन घेणाऱ्याने वेळ द्यावा की न द्यावा? वेळ जरूर द्यावा, पण तो कोणाला देत आहोत याचे भान ठेवावे. टोपणांची दोन-तीन मापे लावून पाहावीत. आवाज बेताचा ठेवून ओळखीची दोन-चार गाणी, एखादे भाषण, तंबोऱ्याच्या साथीचा एखादा संथ ख्याल रोज ऐकावा. चार-सहा दिवसांत कानाला नवा तोल उमगू लागेल. तेवढ्यातही तो पसंत पडला नाही, तर आणखी शंभर तासांनी पडेल या आशेवर पैसे अडकवून ठेवू नयेत. कारण शंभर तासांनी तो पसंत पडलाच, तरी यंत्र सुधारले असे होणार नाही. कानाने तक्रार करणे सोडून दिले, एवढाच त्याचा अर्थ असेल.

सरावणे ही माणसाची मोठी शक्ती आहे. तिच्यामुळेच बहिऱ्या माणसाला यंत्रातून आलेली बोली पुन्हा कळू लागते, परप्रांतात गेलेल्या माणसाला तिथली भाषा आपली वाटू लागते, आणि वाईट आवाजही काही दिवसांनी बरा वाटू लागतो. म्हणून दोष पाहायचा असेल तर पहिल्या दिवसाची खटक लिहून ठेवावी. ती खटक कधी अन्यायाची ठरते, कधी खरी. पण महिन्याभराने तिची आठवणही राहत नाही, आणि मग दोहोंतला भेद सांगायला कोणी साक्षीदार उरत नाही.